स्थिर उत्पन्न

ताईनं दुकान बंद करायचं ठरवलंय, हे फोरमनच्या काही केल्या गळी उतरेना.

"डोळे साथ देत नाहीत रे," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाला सांगावं लागतं."

"मग चष्मा बदल. दुकान कशाला बंद करतेस?"

ती हातातल्या पँटची उसवलेली शिवण चाचपत राहिली.

कोपऱ्यावरच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर तिचं शिलाईचं दुकान होतं, भाड्याचं. चेन बदलणं, उंची कमी करणं, पोट सुटलेल्यांच्या पँटी सैल करणं, असली कामं. आई गेल्यावर याच मशीनवर तिनं धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं आणि बाटल्यांच्या कारखान्यात चिकटवलं. तिथं फोरमन होऊन आता तो निवृत्तीला आला होता. भट्टीसमोर उभं राहून राहून त्याच्या गुडघ्यांचा पार भुगा झाला होता. पेन्शन सुरू झाली की सकाळी दुकानात येऊन बसायचं, बटणं लावायची आणि ताईशी भांडायचं, एवढाच त्याचा बेत होता. बायको गेल्यापासून त्याला दुसऱ्या कशाची ओढच उरली नव्हती.

"वर्षभर कळ काढ," तो म्हणाला. "मी आलो की दोरा मी ओवीन."

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणत तिनं विषय बदलला आणि पेन्शनचं विचारलं. हल्ली तिला त्याच्या पेन्शनचं भारीच कुतूहल वाटायला लागलं होतं. त्यालाही ते सांगायला आवडायचं.

कारण कारखान्याच्या पेन्शन फंडाच्या समितीवर तो कामगारांचा प्रतिनिधी होता. निवडून आला म्हणजे काय, तर नाव सुचवायच्या वेळी बाकीचे सगळे चहाला गेले होते. सुरुवातीला बैठकीतलं सगळं डोक्यावरून जायचं. पण गडी चिवट. गुंतवणूक बघणारा टायवाला बोलायला लागला की हा न लाजता मध्येच विचारायचा, म्हणजे काय? असं विचारत विचारत त्याला उमगत गेलं. नव्या पोरांचे पैसे शेअरमध्ये असले तरी चालतं. बाजार पडला तर सावरायला त्यांच्या हातात वर्षं असतात. निवृत्तीला टेकलेल्याच्या हातात ती नसतात.

मागं बाजार आपटला तेव्हा पॅकिंगमधला एक म्हातारा निवृत्त होत होता. त्याची पेन्शन इतकी आटली की आजही तो एका गोदामाच्या दारावर रखवाली करतो. त्याला तिथं स्टुलावर डुलक्या घेताना फोरमननं पाहिलं. पुढच्या बैठकीत त्यानं हट्टच धरला, निवृत्तीजवळ आलेल्यांचे पैसे शेअरमधून काढा. टायवाल्यानं दोन वाटा दाखवल्या. एक सरकारी रोखे, दुसरी भाड्याचं स्थिर उत्पन्न देणाऱ्या इमारती. जुन्या इमारती घ्यायच्या, नीटनेटक्या करायच्या आणि चढ्या भाड्यानं द्यायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच फोरमनचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

इमारती कुठल्या, असं ताईनं विचारलं. कुणास ठाऊक, तो म्हणाला, कागदावर नुसते नंबर असतात, ते बघायचं काम टायवाल्याचं. आणि यात काही गडबड झाली तर? तर त्या गोदामवाल्याला जोडीदार मिळेल, असं म्हणून तो हसला. ताई हसली नाही.

तरी त्यानं दुकानाचा नाद सोडला नाही. मशीनवर लावायला चांगला दिवा आणला. तिला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले. मग मात्र त्याचं टाळकं सरकलं.

"सरळ सांग ना," तो रस्त्यातच म्हणाला, "मी तुला दुकानात नकोय."

ती खाली बघत म्हणाली,

"तसं समज हवं तर."

त्याला फार लागलं ते. कित्येक आठवडे तो तिकडे फिरकला नाही. कामावर कुणाशी धड बोलला नाही. घरी आलं की बूट न काढताच खुर्चीत पडून राहायचा. जन्मभर जिच्या जिवावर उभं राहिलो तिलाच आपली अडचण वाटते, हे त्याला सहन होत नव्हतं.

दुकान रिकामं करायच्या दिवशी मात्र तो गेला. मशीन जड, तिला एकटीला उचललं नसतं. दोघं कामापुरतं बोलले. सामान टेम्पोत चढवून ती पुढे गेली. झाडून घेऊन किल्ली द्यायला तो मागं थांबला.

किल्ली घ्यायला मालकाचा एजंट आला. तोही बिचारा दमलेला. त्यानं फोरमनला हमालच समजलं आणि पायरीवर टेकून आपलं रडगाणं सुरू केलं. सगळे भाडेकरू या बाईंसारखे असते तर बरं झालं असतं, म्हणाला. वरच्या मजल्यांवरचे सगळे कोर्टात गेलेत.

"कोर्टात कशाला? ही बाई आपणहून सोडतेय."

"आपणहून कोण सोडतं हो? सगळ्यांनाच निघायला सांगितलंय."

फोरमनच्या हातातला झाडू थांबला. मालक कोण, असं त्यानं विचारलं. आवाज चढलाच होता त्याचा. त्या माणसाला समोर उभा करायचा होता त्याला.

"माणूस कुठला? पेन्शन फंड आहे. तो बाटल्यांचा कारखाना नाही का, त्यांचा."

फोरमननं शटर धरलं. एजंटचं लक्ष नव्हतं, तो किल्ली खिशात टाकत होता.

"याही बाई वकील घेऊन तावातावानं आल्या होत्या माझ्याकडे. फंडाचं नाव ऐकलं आणि वकिलाला म्हणाल्या, तुम्ही जा आता. मग मला एवढंच म्हणाल्या, 'मी दुकान सोडते. तिथं माझा भाऊ आहे, त्याला तेवढं कळू देऊ नका.'"