माहं बाय

दिवाळी सरल्यावर श्यामलाबाई धायरीतल्या एका बंद दारासमोर उभी होती. बेल दाबायला बोट उचलत नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर श्यामलाबाई कर्वेनगरात बायकांचा वर्ग घेत. शाळेची पायरी न चढलेल्या, उतारवयात अक्षरं गिरवणाऱ्या बायका. त्यांना लाल शाईतला शेरा कुठला वाचता येणार? म्हणून श्यामलाबाई मोबाइल डब्यांवर टेकवत, खाली कागद ठेवत, ओळींवरून विणायची सुई फिरवत बोलत आणि तो व्हिडिओ जिचा तिलाच पाठवत. चूक चारचौघींत निघत नसे. त्याच भरवशावर बायका लिहीत.

सत्यशीलाबाई अकोल्याकडच्या. मुलगा कारखान्यात लागला म्हणून पुण्यात आलेल्या. ‘न विसरलेला दिवस’ या विषयावर त्यांनी एकच ओळ लिहिली होती. ‘त्या दिवशी माहं बाय गेलं.’

श्यामलाबाईंची सुई त्या ओळीवर थांबली. जीभ काही थांबली नाही. “सत्यशीलाबाई, ‘माझी बाई गेली’ असं लिहायचं. बाई स्त्रीलिंगी असते, एवढं तरी आपल्या बायकांच्या जातीला ठाऊक हवं! की ‘बाय’ म्हणून इंग्रजीत टाटा केलंत?”

स्वतःचा विनोद त्यांना इतका आवडला, की तो व्हिडिओ त्यांनी सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सत्यशीलाबाई त्यानंतर वर्गाला फिरकल्या नाहीत.

शेवटी बेल वाजली. दार सत्यशीलाबाईंनीच उघडलं.

“या, म्याडम. बसा.”

चहा आला. घरात दुसरं कोणी नव्हतं. श्यामलाबाईंनी वाटेत जुळवलेलं वाक्य म्हणून टाकलं. “अहो, तो व्हिडिओ ग्रुपवर चुकून गेला हो. माझं बोट लागलं.”

“चुकून नाई,” सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. “खाली तुमीच लिवलं हाय, ‘ऐका, मजा आहे’. मी वाचलं ना. तेवढं वाचता येते आता मले. तुमीच शिकवलं.”

श्यामलाबाईंचे कान तापले. कपातून वर बघवेना.

“सुनेनं मोठ्यानं लावला होता,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “थे पुन्याची. लई हसली. पोरगा ताटावरून उठून गेला.”

“चूक माझी आहे. मी खोटंही बोलले. पण माझ्यामुळे लिहिणं सोडू नका. पुन्हा या. ती ओळ आपण दोघी बसून दुरुस्त करू.”

“दुरुस्त?” सत्यशीलाबाईंनी आपल्या डोळ्याखाली बोट टेकवलं. “याले का म्हन्ते?”

“डोळा.”

“आमी डोया म्हन्तो. शाळेले शाया. जसं बोलतो तसंच लिवलं मी.”

श्यामलाबाईंनी कप खाली ठेवला. ती ओळ त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचली. ‘य’च्या जागी ‘ळ’ घालून वाचली.

“मला कळलं नाही हो,” त्या कशाबशा म्हणाल्या. “त्याचं नाव लिहिलं असतंत, तर...”

“दुसरं नाव नोतं त्याले, म्याडम.”

सत्यशीलाबाईंचा पहिला मुलगा एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, बारशाच्या आदल्या दिवशी वारला.