एका ओळीचं काम

“सात ओळी कशाला, ताई? एका ओळीत भागतं,” बाहेरून आलेला संगणक सल्लागार म्हणाला आणि ताईंनी स्क्रिप्टमध्ये लिहिलेला भाग त्याने मोठ्या मनाने पुसून टाकला.

काम तसं क्षुल्लक होतं. बस आगारातला आरक्षणाचा सर्व्हर रोज सकाळी दोन मिनिटं थांबवून पुन्हा चालू करायचा. बारा वर्षं ते ताई हाताने करत होत्या. आता स्क्रिप्ट करणार. ताईंची खुर्ची जाणार म्हणून अख्खं ऑफिस हळहळत होतं. दोघांनी तर हळहळता हळहळता खुर्चीचं मापही घेतलं होतं.

“तुमच्या ओळीतली ही आज्ञा तुमच्या लॅपटॉपवर दिलेल्या नावाचा प्रोग्रॅम तेवढा बंद करते,” ताई कळवळून म्हणाल्या. “आपलं मशीन जुनं आहे. तिथे ती नाव बघत नाही, चालू असेल ते सगळं बंद करते. पाया पडते, माझ्या ओळी राहू द्या.”

“माझ्याकडे व्यवस्थित चालतं,” सल्लागार हसला. आगाराचे साहेबही हसले. खुर्ची सुटत नाही हो माणसाला, असं ते हसणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, मुख्यालयातून आलेल्या पाहुण्यांसमोर, सल्लागाराने ऐटीत एंटर दाबलं. आरक्षण थांबलं. पाठोपाठ फलाटांवरचे फलक काळे झाले, घोषणा अर्ध्या शब्दावर तुटली, नऊ खिडक्यांवरची तिकीटयंत्रं गपगार पडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे कार्यक्रमातच आहे.

बाहेर प्रवाशांचा आवाज चढला, तसा सल्लागाराला एक अत्यंत महत्त्वाचा फोन आला आणि तो जिन्याकडे गेला, तो गेलाच. ताईंनी बाह्या सारल्या. एकेक प्रोग्रॅम हाताने उठवत दीड तासात आगार उभं केलं. मध्ये घोटभर पाणीही प्यायल्या नाहीत.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. स्क्रिप्ट रद्द झाली होती. साहेबांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. ताई मात्र टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिल्या.

“आम्ही तुमची कदरच केली नाही,” साहेब म्हणाले. “नवऱ्याच्या आणि लेकीच्या गावी बदली मागणारा हा तुमचा पाचवा अर्ज. ‘स्क्रिप्ट चालली की सोडतो’ असं मी कबूल केलं होतं ना? आता निश्चिंत राहा. निवृत्त होईपर्यंत तुम्हाला इथून कोणी हलवू शकत नाही!”