सीडीतलं हृदय

"तपासणीत साहेबांनी इचारलं, तर कॉम्प्युटरवरच शिकवते म्हणायचं," हेडमास्तर मन्मथप्पांनी यशोधराबाईंना पुन्हा बजावलं. "मग तुमाला कायम करायची शिफारस मी करतो. शब्द हाय माजा."

बाई तरी काय करणार? कडा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, पण तात्पुरत्या. दर जूनला जीव टांगणीला. घर त्यांच्याच पगारावर चालायचं.

गेल्या वर्षी शाळेत कॉम्प्युटर आला, सोबत विश्वकोशाची सीडी. तिच्यात म्हणे हृदय धडधडताना दिसायचं. पण खंडेनवमीला मन्मथप्पांनी कंपास, तराजूच्या रांगेत ती सीडीही मांडली आणि चकचकीत बाजूला भक्तिभावानं हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी निघेना, म्हणून काथ्यानं खसाखसा घासली. झालं! सीडी कायमची बंद पडली. वर कळलं असतं, तर हेडमास्तरांची धडगत नव्हती.

यशोधराबाईंचा जीव मात्र पोरांसाठी तुटायचा. सुट्टीत एसटीनं बीडला जाऊन त्यांनी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तीच सीडी पाहिली. मग खाटकाकडून बोकडाचं हृदय आणलं. "शाळंत न्हाई हं बाई!" म्हणत मन्मथप्पांनी नाक दाबलं, तेव्हा मागच्या लिंबाखाली वर्ग भरला. पोरांनी ते हृदय हातात घेतलं, चिरलं, त्यातून पाणी सोडून पाहिलं.

तपासणीला साहेब आले, तेव्हा नेमकी लाइट गेलेली. मन्मथप्पांना हायसं वाटलं.

"हृदयातलं रक्त उलटं का फिरत नाही गं?" साहेबांनी पहिल्या रांगेतल्या कावेरीला विचारलं.

"आत झडपा असत्यात, साहेब. पुढं उघडत्यात, मागं न्हाई."

मग काय, पोरं उत्तरांवर उत्तरं देत सुटली. बाईंचा ऊर भरून आला.

"शाबास! बाई, हे सगळं कॉम्प्युटरवर शिकवलंत?"

खरं ते बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. मन्मथप्पांनी डोळे वटारले.

"हो, साहेब." लई जिवावर आलं, पण त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटरवरच."

मन्मथप्पा शब्दाला जागले. "साहेब, आमच्या बाईंना आता कायम करा. लई गुणाच्या हायेत."

साहेब खुशीत होते. त्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप मारली.

"कायम? अहो गुरुजी, हाच एवढं शिकवतोय, तर बाई कशाला पाहिजेत? ही जागा या महिन्यापासून बंद करू."