एफीची शीळ

आता यात काडीचंही खोटं नाही. ओटागोच्या टेकड्यांवर ससे म्हणजे कुरणाचे वैरी, आणि माझी शेजारीण एफी त्यांचा काळ. पण वय ऐंशी झालं, नजर अधू झाली. मुलगा लॅक्लन म्हणाला, “आई, आज एकच गोळी. चुकलीस तर रायफल माझी.” “लागली तर वर्षभर तोंड बंद ठेवायचं,” ती म्हणाली. समोरून एक ससा सुसाट निघाला. पळता ससा थांबवायला घालतात तशी एफीनं शीळ घातली. ससा थबकला. आणि अख्खी टेकडीच उभी राहिली. ज्यांना आम्ही दगड समजत होतो, ते हजारो ससे मागच्या पायांवर उठले. मावळतीच्या उन्हात त्यांचे कान दिव्यांसारखे पेटले. “मार ना, कुठंही लागेल,” लॅक्लन पुटपुटला. एफीनं रायफल त्याच्या हाती दिली. “एवढे जण माझ्या निरोपाला उभे राहिल्यावर गोळी कशी घालू?”