जिन्याच्या भिंतीतल्या माश्या

साल १९८४. राजापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन ठाण्याच्या सोसायटीत आलेली मंदाकिनी घुमीच झाली होती. आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाश्या आणि भुंगे अशा गोतावळ्याची गुणगुण ऐकत ती वाढलेली. इथे नुसते पंखे गुणगुणायचे.

एकदा जिन्याच्या भिंतीतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली तिला दिसली. डासाएवढ्या काळ्या मधमाश्या तिच्यातून ये-जा करत होत्या. मंदाकिनी रोज तिथे रेंगाळू लागली. सासूबाईंनी मात्र धास्तीने गवंडी बोलावला. त्याने सिमेंट कालवलं, तशी मंदाकिनीने नळीच्या तोंडावर तळहात धरला.

"अगं, डसतील ना."

"यांना नांगी नसते, आई. आमच्या आंब्याच्या ढोलीत असायच्या. भाऊ त्यांच्याशी गप्पा मारायचा."

माश्या तिच्या बोटांवरून चालत राहिल्या. या घरात ती एवढं पहिल्यांदाच बोलली होती.

सासूबाई गवंड्याकडे वळल्या. "बाबा, चहा घे आणि जा. सुनेच्या माहेरची माणसं आलीत."

गवंडी पुढे मुकादम झाला. सासूबाई केव्हाच गेल्या. माश्या त्याच भिंतीत नांदताहेत. आणि मंदाकिनीच्या सुनेने माहेरून, भंडाऱ्याहून आणलेलं मोहाचं झाड कुंपणाशी वाढतंय. त्याला पाणी मंदाकिनीच घालते.