छत्तीसपैकी अकरा

घैसासकाकूंच्या वधूवर मंडळाची वेबसाइट फारच रखडत चालायची, म्हणून वृंदा साफसफाईला बसली होती. पत्रिका जुळवणारं प्लगइन काकूंनी कधीच काढून टाकलं होतं, पण त्याची टेबलं डेटाबेसमध्ये तशीच पडून होती. उडवण्याआधी तिने सवयीने एक उघडून पाहिलं.

त्यात तिचंच नाव होतं. शेजारी नवऱ्याचं, हेमंतचं. गुण छत्तीसपैकी अकरा.

बारा वर्षांपूर्वी काकूंनी दोन्ही घरी पाठवलेल्या कागदावर एकतीस होते. तिने फोन लावला.

"अगं, त्या प्लगइनने कुणाला पास केलंय? म्हणून तर काढलं ते," काकू शांतपणे म्हणाल्या. "पोह्यांत कांदा किती घालायचा, यावरून तुम्ही पहिल्याच भेटीत माझ्यादेखत भांडलात. परक्याशी इतकं मोकळेपणी कुणी भांडतं का? मग आकडा मीच लिहिला. उडव ते."

वृंदाने सगळी टेबलं उडवली. वेबसाइट पळायला लागली.

त्या एका टेबलाचा बॅकअप मात्र तिने आपल्या लॅपटॉपवर ठेवला. रविवारी हेमंतने पोह्यांत पुन्हा कांदा कमी घातला, तर हाताशी असावा.