शेवटचं बाक

तरुण मंडळी चर्चकडे फिरकत नाहीत, ही रुखरुख कुओपिओ शहरातल्या पाद्रीबाई इर्मेलींना स्वस्थ बसू देईना. दर रविवारी न चुकता यायची ती एकटी वेन्ला, पंधरा वर्षांची, शेवटच्या बाकावर. शेवटी पोरांना खेचायला बाई ऐन साठीत हेवी मेटल गिटार शिकल्या. तीन महिने एकच रिफ, तीच ती छोटी धून, घोटून बोटं सोलवटली.

आज प्रार्थनेत त्यांनी ती वाजवली. चर्च खच्चून भरलं होतं. कातडी जाकिटं घालून लोक माना झटकत होते, पण एकूण एक डोकं पिकलेलं! मध्येच बाई दाराशी आल्या, तर वेन्ला बाहेर पायरीवर बसलेली.

"अगं, आत ये ना! तुम्हा पोरांसाठीच तर शिकले."

 

"घरी आजी दिवसभर हेच लावते, बाई. मी इथं शांततेसाठी यायचे."